हरणाऱ्याची पाळी

रोह्याच्या नंदूचा फोन आला तेव्हा मी गडब गावातल्या टपरीवर वडा खात होतो. "सुध्या गेला रे..." मी म्हटलं, "येईल की परत!" माझा तरी काय दोष? पेणला स्वतःच्याच गेमिंग कॅफेत सुधीर दर रविवारी गोळ्या खाऊन इतक्यांदा मरायचा, की यमाच्या रेड्याने पेणचा महिन्याचा पासच काढला असावा. आणि दर वेळी पुन्हा उभा राहून ओरडायचा, "आलो रे!" पण नंदू हसला नाही. हृदयविकाराचा झटका आला होता... वडा हातातच राहिला.

सुध्या हमरापूरच्या मूर्तिकारांचा मुलगा. सकाळी गणपती रंगवायचा, दुपारी बंदूक चालवायचा. माउसवर कायम सोनेरी बोटं उमटलेली. शाळेपासून पेण आणि रोह्याच्या आमच्या टोळ्या त्याच एका युद्धाच्या खेळात एकमेकांना मारत मोठ्या झाल्या. मग त्या खेळाचा नवा भाग आला. त्यात माणसं भिंतीवरून धावायची, उडायची. एकाने मारलेली उडी, शपथेवर सांगतो, धरमतरच्या खाडीपलीकडे उतरली! पेणकर खूश, रोहेकर लाल. "ह्यो काय खेळ हाय? माकडांचा?" नंदू कडाडला. "जुना नाय लावलास तर आमी येनार नाय."

सुध्याचा चेहरा पडला. "मशिनं बंद पडली तरी चालंल," तो मला म्हणाला, "रविवार बंद पडला नाय पायजे."

पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांना बसवलं. "आमच्याकडं दरवर्षी साचा नवा येतो, पण डोळ्यांची आखणी बापानं शिकवली तशीच. ह्या नव्या भागातबी जुन्या पद्धतीचा पर्याय हाय, उडणं बंद. जो हरंल, पुढचा डाव त्यानं निवडायचा."

"म्हंजे हरून बी राज्य आमचंच?" नंदूने विचारलं.

"व्हय. हर तर आधी!"

त्या दिवशी जगात प्रथमच दोन फौजा हरण्यासाठी जिवाच्या आकांताने लढल्या. त्या गोंधळात, मुद्दाम मरायला म्हणून नंदू उडाला... आणि त्याला उडणं आवडलं. कबूल मात्र आजतागायत नाही.

गेल्या रविवारी सुध्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, कॅफे उघडून दिलं. सगळे जमलो, पण पहिला डाव कोणता, हे कुणीच बोलेना. मग नंदूने सुध्याचं मशीन सुरू केलं आणि हळूच म्हणाला, "हरला तो हाय. पाळी त्याची."

पडद्यावर दोन पर्याय आले. जुना, नवा. समोर सोनेरी बोटांचा तो माउस... कुणी त्याला हात लावला नाही.