चौथा माणूस

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक शहरापासून अर्ध्या तासावरच्या आमच्या छोट्या गावात फायर स्टेशन होतं, पण तिथे पूर्णवेळ कोणीच नसे. गावातलीच माणसं आपापली कामं सांभाळून बंब चालवायची. कमरेचा पेजर वाजला की हातातलं टाकून स्टेशनकडे धावायचं. दिवसा मात्र निम्मं गाव ट्रेनने लंडनला गेलेलं असायचं, म्हणून स्टेशनबाहेर कायम एक पाटी: दिवसा गावात असणारी माणसं हवीत. मी आयटीतली नोकरी सोडून गावच्या लायब्ररीत लागले होते. मी दिवसा गावातच असायचे. आत जाऊन नाव दिलं आणि प्रशिक्षण सुरू केलं.

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या नणंदेचा फोन आला. "अगं, इंजिनिअर ना तू? आता लोकांच्या घरांवर पाणी मारणार?"

"लोकांच्या नाही ताई, शेजाऱ्यांच्या," मी म्हणाले. तेव्हा मला माझंच उत्तर फार आवडलं होतं.

आमच्या स्टेशनचा प्रमुख पेशाने प्लंबर होता आणि बंब चालवायचा बेकरीवाला. चार माणसं असल्याशिवाय बंब बाहेर काढायचा नाही, हा नियम. आमचा दिवसाचा चौथा माणूस गावाबाहेरच्या गोदामात कामाला होता. तिथे नवा मॅनेजर आला आणि त्याने सांगितलं, शिफ्ट सोडून जायचं नाही. प्लंबरने अग्निशमन दलाच्या हेडक्वार्टर्सला पुन्हा पुन्हा कळवलं. "बघतो," एवढंच उत्तर यायचं.

मार्चमधल्या एका दुपारी पेजर वाजला. मी पोचले तेव्हा प्लंबर आणि बेकरीवाला कपडे चढवत होते. मीही बूट, कोट, हेल्मेट चढवलं. आम्ही तिघं बंबाजवळ उभे राहिलो. चौथं कोणी येईना. चर्चमागच्या गल्लीवर काळा धूर दिसायला लागला.

प्लंबरने कंट्रोल रूमशी बोलून फोन ठेवला. "शेजारच्या गावाचा बंब निघालाय. आपण थांबायचं."

"तो येईपर्यंत काय उरेल? तिघं जाऊ या ना!"

"दोघं आत गेले तर पंप एकट्याने सांभाळायचा? आणि आत गेलेल्यांचं काही झालं तर त्यांना काढणार कोण?" तो माझ्याकडे वळला. "मला काय इथे उभं राहायला आवडतंय?"

त्याचं चूक नव्हतं. म्हणूनच ते असह्य होतं. बेकरीवाला इंजिन चालू करून बसून होता. शेवटी दुसऱ्या गावाचा बंब सायरन वाजवत आमच्या दारावरून गेला.

आग लागलेल्या त्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. मोठ्या अक्षरांची पुस्तकं न्यायला ती माझ्याकडे लायब्ररीत यायची. तिला बाहेर काढलं तेव्हा ती धुराने गेलेली होती.

पुढच्या आठवड्यात किराणा दुकानाच्या रांगेत तिची शेजारीण माझ्याकडे वळली. "हेल्मेट घालून उभ्या होतात तुम्ही. माझ्या मुलीने रस्त्यावरून पाहिलं."

"आम्ही तिघंच होतो. नियम—"

"ती बिचारी आतून दारावर हात आपटत होती," शेजारीण म्हणाली आणि पुढे सरकली. रांगेतल्या कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही.

उन्हाळ्यात चर्च हॉलमध्ये सभा झाली. हेडक्वार्टर्सचा अधिकारी पडद्यावर आलेख दाखवून म्हणाला, दिवसा या स्टेशनवर भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा ते बंद करणं हिताचं. मी उभी राहिले. "भरवसा नाही, कारण तुम्ही माणसं मिळवून दिली नाहीत! आमचा माणूस अडवला जातोय हे तुम्हाला माहीत होतं." तो गोड हसला. माझ्या तळमळीबद्दल त्याने आभार मानले. मागून कोणीतरी म्हणालं, "हिला काय कळतंय, ही कुठून आली?" थोडे हसलेही. प्लंबर खाली मान घालून बसला होता.

स्टेशन बंद झालं. तिथे आता कार्पेटचं दुकान आहे. प्लंबरने गाव सोडलं. जाताना भेटला नाही. मीही त्याला शोधलं नाही.

मी अजून इथेच राहते. कुठे आग लागली की बंब शेजारच्या गावाहून येतो, आणि उशीर झाला म्हणून लोक कुरकुरतात. लायब्ररीच्या काउंटरवर, माझ्यासमोरच कुरकुरतात. मी पुस्तकांवर शिक्के मारत राहते.