कातड्याचा दोर

कुवेतच्या बंदरात मी जहाजांच्या दोरखंडांचं काम करायचो. घर रत्नागिरीकडचं, वडील मचव्यावर खलाशी. दोर विणायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. तेलविहिरीवरचा एक अमेरिकन फोरमन गोणपाटात गुंडाळलेलं सामान घेऊन आला. लोखंडी टोकाची लांब काठी, खोगिराला पाय ठेवायची लाकडी रिकीब आणि तुटका कातडी दोर.

"मेक्सिकोत स्पेनचं राज्य होतं तेव्हा माझे पूर्वज घोड्यावरून गुरं राखायचे," तो म्हणाला. "काठीनं गुरं वळवायची, दोर फेकून धरायची. एवढा दोर जोडून द्याल?"

"कुजलाय हा. नवा विणू."

खाटकाकडून बैलाचं अख्खं कातडं आणलं. कडेपासून गोल गोल कापत लांब पट्ट्या काढल्या. पण गरम वाऱ्यात त्या सुकून लाकडासारख्या झाल्या. सगळं वाया गेलं. दुसऱ्या कातड्याला मी ओलं गोणपाट पांघरलं, मेंढीची चरबी चोळली. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, खैतान वस्तीत माझ्या खोलीपुढे आम्ही दोघं बसायचो. तो पट्ट्या ताणून धरी, मी चार पदरी वीण घाली.

तयार दोर न्यायला तो बंदरावर आला, त्याच दिवशी जवळच्या जहरा गावातल्या एका गोठ्यासाठी जहाजातून बैल उतरत होते. एकाचा पट्टा सुटला. बैल धक्क्यावर उधळला, हमाल वाट मिळेल तिकडे पळाले. फोरमननं फास भिरकावला आणि तो थेट शिंगांत बसला!

"टोक बांधू नका, तुटेल!" तो ओरडला. "गुंडाळा आणि सोडत राहा!"

मी तोवर धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला दोराच्या मोकळ्या टोकाचे दोन वेढे दिलेही होते. होडी आम्ही अशीच थांबवायचो. दोर करकरत सरकला, चरबीचा धूर निघाला, तळहात भाजले. बैलाचा जोर हळूहळू ओसरला, आणि तो धापा टाकत उभा राहिला.

फोरमननं सगळ्या दोरावरून बोटं फिरवली. एकही पदर तुटला नव्हता.

गोठ्याचा अरब मालक धावत आला. "कुणाचा हा दोर?"

फोरमननं माझा खांदा धरून मला पुढे केलं. "यांनी विणलाय."

मालकानं छातीवर हात ठेवून मला सलाम केला. भोवती आमचे कितीतरी कोकणी हमाल उभे होते. भाजलेले हात मागे लपवून मी ताठ उभा राहिलो. इतका ताठ मी त्या मुलखात पूर्वी कधी उभा राहिलो नव्हतो.