उजवी कळी

वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या गावी मी पोचले तेव्हा देवळापुढं सळया येऊन पडल्या होत्या. सिमेंटची पोती ताडपत्रीखाली रचलेली, आणि किकवीकडून आलेला जेसीबी कुंपणाशी उभा. जुना मंडप पाडायचा की नाही हे त्या दिवशी देवीला विचारायचं होतं. विचारायच्या आधीच सगळी तयारी!

मी भोरला शाळेत शिकवते. गावी येणं सणावारी. पण देवळाच्या या लाकडी सभामंडपात माझा जीव अडकलेला. छोटासाच, सागवानी. खांबांच्या माथ्यावर कमळं कोरलेली, तुळयांत एक खिळा नाही. लाकूड लाकडात बसवलेलं. मध्ये कुणीतरी भक्तिभावानं सगळ्याला निळा ऑइलपेंट फासला, तरी कमळं काही बुजली नाहीत. असं काम आता कुणी करणार नाही, आणि केलं तरी पिढ्यान्‌पिढ्या पाठी टेकून आलेला गुळगुळीतपणा त्याला कुठून येणार? मागच्या बैठकीत मी हे सगळं घसा फोडून सांगितलं होतं. एकच खांब किडलाय, तेवढा बदला, म्हटलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "येवढं आवडतंय तर भोरला घिऊन जावा, मॅडम," एकजण म्हणाला आणि बैठक हसली. मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. त्यांना स्लॅबचं देऊळ हवं होतं, आणि मला त्यांच्या त्या न हसण्याचीच धास्ती वाटली होती.

अडवलं ते माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी. "देवीचा कौल घ्या. ती व्हय म्हनली तर म्या आडवा येनार न्हाई," असा त्यांनी भर बैठकीत शब्द दिला. मग कौलाचा दिवस ठरला.

कौल लावायची आमची रीत साधी. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर मोगऱ्याची एकेक कळी पाण्यानं चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दिवस मावळेपर्यंत एकही पडली नाही, तर त्या वर्षी तो विषय पुन्हा काढायचा नाही.

पुजाऱ्यानं कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. सगळा गाव मंडपात दाटीवाटीनं बसला. तात्या गाभाऱ्यासमोरच्या खांबाला टेकून. कळ्या पडेनात. ऊन चढलं. बायकांची कुजबुज थांबली, एक तान्हं रडून रडून झोपी गेलं. पुजाऱ्याला घाम फुटला. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. देवी बोलत नाहीये हे एकेकाला कळत चाललं होतं, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मला मनातून बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. हे असं सुखासुखी संपायचं नाही, असं सारखं वाटत होतं.

अध्यक्ष उठून बाहेर गेले. पाणी प्यायला गेले असतील, मला वाटलं. तोच जेसीबी सुरू झाला. त्याची धडधड फरशीतून माझ्या तळपायात चढली. समईची ज्योत थरथरली. दोन्ही कळ्या थरथरल्या. डावी अर्धवट सुटून लोंबली. आणि उजवी टपकन पडली.

"चांगभलं!" गाव ओरडला. बाहेर मशीन बंद झालं. अध्यक्ष आत आले आणि मान खाली घालून हात जोडून उभे राहिले. माझ्या अंगाची आग झाली. "हा कौल नाही! मशीन लावून पाडलीय कळी!" मी किंचाळले. पुजारी समईची वात सारखी करत राहिला. बाकीचे उठून चपला शोधायला लागले. मी तात्यांचा दंड धरला. "तुम्ही पाहिलंत ना? सांगा ना त्यांना!"

"पाह्यलं," ते म्हणाले. "मशिनीनं दोन्ही कळ्या हालिवल्या, पोरी. पडली कंची, त्ये तिनं ठरिवलं. म्या शबुद दिलाय."

एवढा राग मला अध्यक्षांचाही आला नव्हता.

मंडप रिकामा झाला. मशीन पुन्हा सुरू झालं आणि कुंपणाच्या आत आलं. तात्या मात्र उठले नाहीत. खांबाला हाताचा विळखा घालून बसून राहिले. लोकांनी हाका मारल्या. अध्यक्षांनी खाली वाकून विनवलं. "पाडा की," तात्या म्हणत होते, "म्या कुठं न्हाई म्हनतोय?" आवाजात भांडण नव्हतं. पण हात सुटत नव्हता. ड्रायव्हर खोळंबला, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग मीच आत गेले, त्यांच्याशेजारी बसले, आणि त्यांची बोटं एकेक करून खांबावरून सोडवली.