गुडघाभर लाट

दरड कोसळून पाण्यात पडली की केवढी लाट उठते, हे संगणकावर काढून दाखवायचं काम आमच्या विभागप्रमुखांनी माझ्यावर ढकललं, तेव्हा त्यांना लाटेशी काही देणंघेणं नव्हतं. कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि पडद्यावर काहीतरी निळं, हलतं दाखवायचं होतं. बोरी गावाजवळच्या मुरमाच्या जुन्या खदानीत पावसाचं पाणी साठलं होतं, आणि तिची एक कड नुकतीच ढासळली होती. उदाहरणाला तीच घेतली. प्रमुखांनी खदान पाहिली ती गाडीच्या काचेतून. चिखलात बूट कोण घालणार?

आमचा प्रोग्रॅम पाण्याचे चौकोन पाडून प्रत्येकातली उंची काढत जातो. चौकोन बारीक घेतले तर यंत्राला दिवसच्या दिवस लागतात. मोठे घेतले तर लाटेचा शेंडा त्यांतच विरतो.

"मोठे घ्या, मॅडम," प्रमुख म्हणाले. "समितीला काय डोंबल कळतंय?"

मी घेतले. पडद्यावरची लाट समोरच्या काठावर गुडघाभर चढली.

मला ते पटेना. एका सकाळी एकटीच खदानीवर गेले. समोरच्या काठावर एक म्हातारी धुणं धूत होती. कड पडली तेव्हाही ती तिथंच होती.

"मावशी, पाणी कुठवर आलं होतं? आमच्या मशिनीवरचं उत्तर ताडून बघायचंय."

तिनं ओला हात छातीवर ठेवला. "हितवर. धुणं गेलं, टोपलं गेलं. बाभळीला धरलं म्हनून मी हाय."

बाभळीच्या खोडावर चिखलाची रेघ अजून होती. मी टेपनं मोजली. तिच्या छातीएवढीच भरली.

प्रमुखांना सांगितलं तर ते खुर्चीत मागं रेलून हसले. "धुणं धुणाऱ्या बाईचं ऐकून रिपोर्ट बदलायचा का आता?"

मी बारीक चौकोन घेऊन प्रोग्रॅम पुन्हा लावला. तीन दिवस यंत्र चाललं आणि लाट त्या रेघेपाशी येऊन थांबली. कागद घेऊन केबिनमध्ये गेले, तर हा माणूस मुखपृष्ठाचा रंग निवडत होता. "रिपोर्टची आतली पानं छापायला गेलीत," म्हणाले. कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही.

समितीपुढं त्यांनी खुशाल सांगितलं, "आम्ही प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळलंय." समितीतले एक जण काजू चघळत म्हणाले, निळा जरा गडद हवा होता. प्रमुखांना शाल मिळाली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, आणि त्या सभागृहात सगळ्यात जास्त किळस मला माझ्याच हातांची आली.

दुसऱ्या दिवशी मावशीला सांगायला गेले की उरलेल्या कडेलाही तडा गेलाय, इथं बसू नका. ती आधीच लांब, उथळ टोकाला जाऊन बसली होती.

"तडा म्या कवाच बघितला," ती म्हणाली. "तुमी मशिनीवर काय करायलाव?"

"लाटच काढतेय."

"बरं," ती म्हणाली आणि धुणं आपटत राहिली.

खरी उंची लिहून मी ग्रामपंचायतीला माझ्या सहीनं पत्र दिलं. त्यांनी आठवड्याभरात काटेरी कुंपण घातलं आणि धोक्याची पाटी लावली. हे कळल्यावर प्रमुख खदानीवर आले आणि प्रथमच गाडीतून उतरले. पाटीशेजारी उभं राहून त्यांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी फोटो काढून घेतला. मोबाईल माझ्या हातात दिला होता, आणि मी दोनदा बटण दाबलं, पहिला हलला म्हणून.