तांबडी चानकी

दुष्काळात मी बेंबळीत बालवाडी चालवायचे. एक आई चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली. "बाई, हिला कायतरी दवा द्या. भाकरीला शिवतच न्हाय." पोरगी सुकली होती, पण डोळे लख्ख होते. मी दवा दिली नाही. सांजच्याला जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी गेले.

बाप खडी फोडून आलेला. ताटात रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी पडली, तसा तो म्हणाला, "हे काय माणसाचं खाणं हाय? ढोरंसुदिक तोंड लावायची न्हाईत." मग लेकीकडं वळून खेकसला, "खा गं!" तिनं ओठ मिटले, त्यानं हात उगारला.

माझं टाळकं सरकलं. "हात खाली घ्या. आजारी पोरगी न्हाय, तुमची जीभ हाय. आठ दिवस या भाकरीला नावं ठेवू नका, अन् हिला खा म्हणू नका." आईला सांगितलं, शेवटच्या पिठाची चानकी, लेकरासाठी करतात ती इवली भाकरी, तिलाच थापू द्या.

आठ दिवसांनी गेले, तर बाप मिरचीचा ठेचा लावून मुकाट घास गिळत होता. चुलीपुढं पोरगी स्वतः थापलेली वाकडीतिकडी, एका अंगानं करपलेली चानकी खात होती. अर्धी मोडून तिनं बापाच्या ताटात टाकली.

"खा आबा. ही माणसाची हाय."