बटणावरचं अख्खं वाक्य

नाहूरच्या आमच्या पुनर्वसन इमारतींसाठी तक्रारींचं अ‍ॅप आम्हीच करायचं ठरवलं. लिफ्ट बंद पडली की बिल्डरचा माणूस म्हणतो, "आमच्याकडे तक्रारच आली नाही." खोटारडा! आता तक्रार फोटोसकट, सगळ्यांना दिसेल अशी.

मरोळला नोकरी करणाऱ्या माझ्या मित्राने अ‍ॅप बनवायचा एक एडिटर दिला. बटणं, चौकटी माउसने ओढायच्या आणि पडद्यावर मांडायच्या. मजकूर माझा. मी पत्रकं लिहून तयार झालेली; कोणी काय करायचं ते प्रत्येक ओळीत आलंच पाहिजे. म्हणून पहिल्याच बटणावर लिहिलं, 'लिफ्ट बंद आहे, बिल्डरने आजच दुरुस्त करावी'. अर्धं वाक्य चौकटीबाहेर.

"अगं, हे बटण आहे की मोर्चाचा बॅनर?" मित्र म्हणाला.

"बॅनरच आहे. चौकट मोठी कर."

"प्रत्येक पडद्यावर? हाताने? वेडी झालीस काय!"

कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "इंग्रजीत टाका ना, दोन शब्दांत बसेल. म्हाताऱ्यांना पोरं वाचून दाखवतील." माझं डोकंच सटकलं. लिफ्टवाचून घरात अडकणाऱ्या बायकांनी तक्रारीसाठीही पोराची वाट बघायची? शेवटी ठरलं: रविवारच्या सभेत मराठी नीट दिसली तर मराठी, नाहीतर इंग्रजी.

या एडिटरला स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने सूचना, लिहून नवी कामं शिकवता येतात, हे मित्राने दाखवलं. लिहायला मी बसले. मजकूर मोज, चौकट तेवढी वाढव, खालचं सगळं खाली ढकल. चालवली. चौकटी झकास वाढल्या. पण सगळ्यात खालचं 'पाठवा' बटण ढकललं जाऊन पडद्याबाहेरच गेलं.

"वाट लागली," मित्र हसत सुटला. "तक्रार लिहायची, पण पाठवायची नाही. हे तर बिल्डरचंच अ‍ॅप झालं, यार!"

मग स्क्रिप्टला बजावलं: 'पाठवा' तळाशी घट्ट राहील, मधला मजकूर बोटाने वरखाली होईल. पुन्हा चालवली. एका क्लिकमध्ये सगळे पडदे सरळ.

रविवारी सभेत सातव्या मजल्यावरच्या मालवणी काकींनी फोन हातात घेतला. गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट बंद पडली की त्या घरातच. चष्मा लावून त्यांनी अख्खं वाक्य मोठ्याने वाचलं आणि बटण दाबलं.

"बरां केलंस गो. पण 'आजच' जरा मोठां कर."

सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, मराठीच ठेवा."

तिथेच लॅपटॉप उघडून 'आजच' मोठं केलं, स्क्रिप्ट चालवली. सगळ्यांसमोर चौकट आपली आपण वाढली. ते तिला मी शिकवलं होतं.