उरुमचीत सहाला अंधार असतो

श्युए युनशिआ आमच्या उरुमचीच्या बस डेपोचा दवाखाना सांभाळायची. आधी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून भाषांतराचं काम तिच्याच गळ्यात पडलं. कोण सकाळचा माणूस, कोण संध्याकाळचा, हे ओळखायची परदेशी प्रश्नावली चिनीत आणायची. त्यावरून आम्हा ड्रायव्हरांच्या पाळ्या लागणार होत्या. संध्याकाळचा ठरलास की कायमची रात्रपाळी. मग बायकापोरांचं तोंड सुट्टीला बघायचं.

तिनं आधी आमच्यावरच प्रश्न वापरून पाहिले. "पूर्ण मोकळा असशील तर किती वाजता उठशील?"

"मोकळा असेन तर उठेन कशाला, ताई?"

"तुला विचारलं हेच चुकलं. नीट सांग."

"नऊला."

सगळ्यांचं तेच. नऊ, साडेनऊ. मूळ कागदाच्या हिशेबानं अख्खा डेपो निशाचर! होणारच. घड्याळ बीजिंगचं, सूर्य आमचा, देशाच्या पार पश्चिम टोकाचा. हिवाळ्यात तो साडेनऊपर्यंत तोंड दाखवत नाही. ऑफिसं दहाला उघडतात, जेवण दोनला, मग डुलकी. युनशिआनं कागदावरची प्रत्येक वेळ दोन तास पुढे सरकवली. दुपारच्या झोपेचा एक प्रश्नही घातला.

डेपोचे प्रमुख दोंगसाहेब पूर्वेच्या समुद्राकाठच्या शहरातून बदलून आलेले. त्यांनी सगळ्यावर लाल रेघ मारली. "देशाला घड्याळ एकच आहे. मूळ वेळा ठेवा."

"सूर्याला कळवलंत का, साहेब?"

"तुम्हाला भाषांतर करायला सांगितलं होतं, डोकं चालवायला नाही."

"डोकं बंद ठेवून भाषांतर होत नाही. आणि सकाळच्या माणसाला रात्री गाडीवर बसवलंत, त्याला डुलकी लागली, तर?"

"असं असेल तर कागदावर भाषांतरकार म्हणून तुमचं नाव राहणार नाही."

"त्या कागदावर मलाही नकोच आहे."

साहेबांनी मूळ वेळांचे कागद छापून वाटले. युनशिआ दवाखान्याच्या दारात उभी राहून येईल त्याला सांगायची, "भरलास तर रात्रपाळीत माझ्याकडे रडत येऊ नकोस." आठवड्याच्या आत तिची तिकीट खिडकीवर रवानगी झाली.

आम्ही कागद कोरे परत केले. एकट्या कुआंगनं भरला, तोही बायकोपासून लांब राहता येईल म्हणून. पगार कापायची धमकी आली. आम्ही म्हटलं, कापा, पण ताईच्या वेळा छापा, लगेच भरतो. अजून छापलेल्या नाहीत. पाळ्याही बदललेल्या नाहीत.

मध्यंतरी साहेबांनी तिला निरोप धाडला, माफी लिहून दे, दवाखान्यात परत घेतो.

तिनं खिडकीतूनच विचारलं, "कशाची?" आणि पुढच्या माणसाला तिकीट दिलं.